कानटोपीची कुळकथा

श्रोतेहो, गेल्या पौषांत एके पहाटे मी फिरावयास निघालों असतां माझ्या नातीनें माझ्या हातांत एक लोकरीची टोपी ठेवली. ती तिनें स्वतःच विणली होती. दोन्ही बाजूंस कान झांकणारे पट्टे असल्यामुळें ती कानटोपी आहे, हें सांगावयास नको होतें. परंतु तिचे रंग पाहून मी उंबऱ्यांतच थबकलों. कांहीं भाग केशरी, कांहीं पिवळा, कांहीं तांबूस, आणि माथ्यावर या तिन्ही रंगांच्या लोकरीचा एक भला मोठा गोंडा! ज्या मनुष्यानें जन्मभर हिंवाळ्यांत तपकिरी माकडटोपीखेरीज दुसरें कांहीं डोक्यावर घातलें नाहीं, त्याच्या माथीं हा शिमगा! "आजोबा, ही टोपी माझ्या आवडत्या मालिकेंतली आहे. तिच्यापायीं अमेरिकेंत भांडण झालें होतें," असें ती म्हणाली. भांडण म्हटलें कीं इतिहासाच्या मास्तराचे कान टवकारतात. टोपी घालून मी फिरून आलों, आणि परत आल्यावर ती सारी हकीकत तिच्याकडून समजून घेतली. पुढें मीं थोडें वाचलें. आजचें भाषण हें त्याचेंच फळ आहे.

प्रथम माझ्या जुन्या माकडटोपीची गोष्ट सांगतों, कारण तिचें कुळही परदेशांतीलच आहे. डोकें, कान व मान झांकून केवळ तोंडापुरती खिडकी ठेवणाऱ्या या टोपीस इंग्रजींत 'बॅलाक्लाव्हा' म्हणतात. हें क्रिमियांतील एका लहानशा बंदराचें नांव. तेथें २५ ऑक्टोबर १८५४ रोजीं इंग्रज व रशियन फौजांची प्रसिद्ध लढाई झाली. लढाईपेक्षांही त्यानंतरची थंडी इंग्रज शिपायांस अधिक जाचली. १४ नोव्हेंबरच्या वादळांत 'प्रिन्स' नांवाचें जहाज बुडालें, आणि त्यांतील गरम कपडेही त्याबरोबर समुद्राच्या तळाशीं गेले. सरकारचें वस्त्रभांडार असें बुडालें, तेव्हां मायदेशच्या बायकांनीं सुया हातीं घेतल्या व लोकरीच्या वस्तू विणून रणांगणावर धाडल्या. टोपीला त्या बंदराचें नांव मात्र युद्ध संपून पंचवीसएक वर्षें झाल्यावर छापील मजकुरांत दिसूं लागतें. मौज अशी कीं, याच युद्धांतील दोन सरदार, लॉर्ड रॅग्लन आणि लॉर्ड कार्डिगन, आज बाहीच्या एका घाटाच्या आणि पुढून उघडणाऱ्या स्वेटरच्या नांवांत जिवंत आहेत. इतिहासानें त्यांच्या सेनापतित्वाची फारशी वाखाणणी केली नाहीं. विणणाऱ्यांनीं मात्र त्यांस विसरूं दिलें नाहीं.

परंतु विणलेली टोपी याहून पुष्कळ जुनी आहे, आणि तिची कायद्याशीं गांठही जुनीच. इंग्लंडांत सोळाव्या शतकांत मॉन्मथ व कॉव्हेंट्री हीं गांवें लोकरी टोप्यांसाठीं नांवाजलेलीं होतीं. टोपी प्रथम मुद्दाम मोठी विणीत. मग ती पाण्यांत व खास मातींत तुडवून आटवीत, म्हणजे टाके एकमेकांत मुरून ती घट्ट होई. नंतर कांटेरी बोंडांनीं तिच्यावर लव उठवीत व ती लव कातरून सारखी करीत. पिंजणारे, कांतणारे, विणणारे, तुडविणारे, रंगविणारे, अशा कितीतरी घरांची चूल या एका टोपीवर पेटे. पुढें नमद्याच्या टोपांची चटक लोकांना लागली आणि टोप्यांचा खप घसरला. तेव्हां १५७१ सालीं राणी एलिझाबेथच्या पार्लमेंटानें एक कायदाच केला. सहा वर्षांवरील प्रत्येक इसमानें रविवारीं व सणाच्या दिवशीं इंग्लंडांत विणलेली व तेथेंच घोटलेली लोकरी टोपी घातलीच पाहिजे. न घातल्यास दर दिवसाला ३ शिलिंग ४ पेन्स दंड! अर्थात् उमराव, मोठे जमीनदार, खानदानी स्त्रिया व कुमारिका यांना सूट होती. टोपी घालण्याची सक्ती गरिबांवर, आणि न घालण्याची मोकळीक श्रीमंतांवर. लोकांनीं हा कायदा मनापासून कधींच पाळला नाहीं व १५९७ सालीं तो रद्द झाला. एवढी गोष्ट मात्र त्यावरून कळते कीं, एका साध्या टोपीमागें किती जणांचें पोट असतें, हें त्या काळच्या राज्यकर्त्यांस ठाऊक होतें. याच राणीच्या कारकीर्दींत, १५८९ च्या सुमारास, विल्यम ली नांवाच्या पाद्र्यानें मोजे विणण्याचें यंत्र बनविलें. हातानें विणणाऱ्या गरिबांची भाकरी जाईल म्हणून राणीनें त्याला सनद नाकारली, असें परंपरेनें सांगतात.

आतां नमुन्याकडे वळूं. लोकरीचा नमुना ही चमत्कारिक वस्तु आहे. चित्रकाराचें चित्र भिंतीवर असतें, कवीची कविता कागदावर असते. विणकामाचा नमुना मात्र शतकानुशतकें केवळ बोटांत आणि जिभेवर राहिला. दोन सुलट, दोन उलट. अमुक ओळीला एक टाका वाढवावयाचा, तमुक ओळीला दोन टाके एकत्र घ्यावयाचे. आईनें मुलीला सांगावें, मुलीनें सासरीं जाऊन जावेला शिकवावें. कागदावर तो उतरूं लागला तो बराच उशिरां. एडिंबरो येथील जेन गॉगेन या बाईंनीं १८४० सालीं विणकामाचें एक पुस्तक काढलें, त्यांत सुलट-उलट टाक्यांसाठीं त्यांनीं स्वतःच्या खुणा योजिल्या होत्या. अशीं पुस्तकें त्या दशकांत धडाधड खपूं लागलीं आणि तेव्हांपासूनच 'हा नमुना कोणाचा?' या प्रश्नाला पैशाची बाजू आली. बोटांत होता तोंवर त्याला मालक नव्हता; पुस्तकांत आल्याबरोबर त्याला किंमत पडली.

आतां माझ्या नातीच्या टोपीचा वृत्तान्त. अमेरिकेच्या फॉक्स या दूरचित्रवाणी-संस्थेनें २० सप्टेंबर २००२ पासून 'फायरफ्लाय' नांवाची एक मालिका दाखविण्यास आरंभ केला. जॉस व्हीडन हे तिचे कर्ते. कथा २५१७ सालांतील. माणसें ग्रहाग्रहांवर पसरलेलीं आहेत आणि एका जुनाट यानांतून कांहीं गरजू मंडळी बरीवाईट कामें करीत पोट भरीत आहेत. त्यांत जेन कॉब हा एक धिप्पाड, आडदांड, भाडोत्री लढवय्या आहे. 'जेन' हें एरवीं बाईचें नांव असलें तरी येथें तो पुरुष आहे. ॲडम बाल्डविन या नटानें ती भूमिका केली. 'द मेसेज' नामक भागांत या दांडगट गड्याला टपालानें घरून एक पुडकें येतें. त्यांत आईचें पत्र असतें आणि आईनें विणलेली ही त्रिरंगी, वेडीवांकडी कानटोपी असते. बरोबरचीं माणसें गालांतल्या गालांत हंसतात. तो ती तत्काळ डोक्यावर चढवितो आणि अभिमानानें मिरवितो.

श्रोतेहो, मला येथें लेखकाच्या कल्पनेचें कौतुक वाटतें. पांचशें वर्षांनंतरचें जग, अंतराळांत फिरणारीं यानें, आणि दूर असलेल्या मुलावरील आईची माया दाखवावयाची तर काय दाखवावें? दोन सुया आणि लोकरीचा गुंडा! त्या टोपीचा बेढबपणा हाच तिचा गुण आहे. ती सुबक असती तर ती बाजारांतून आणली असें वाटलें असतें.

मालिकेचे चौदा भाग तयार झाले होते. त्यांपैकीं अकराच दाखवून त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ती बंद करण्यांत आली. टोपीचा भाग तर त्या वेळीं अमेरिकेंत दाखविलाच गेला नाहीं. २००३ च्या डिसेंबरांत सर्व भागांच्या तबकड्या विकावयास निघाल्या, तेव्हां पुष्कळांनीं तो प्रथम पाहिला. मग चाहत्यांनीं सुया उचलल्या. पडद्यावरील चित्र जागच्या जागीं थांबवून टाके मोजावयाचे, रंग जुळवावयाचे, आणि झालेला नमुना एकमेकांस द्यावयाचा, असा उद्योग सुरू झाला. संमेलनांतून ही टोपी घातलेला परका मनुष्य दिसला कीं, ओळखदेख नसतांही दुसरा टोपीवाला त्याला हांक मारी. मालिकेच्या पुढील कथेवर २००५ सालीं 'सेरेनिटी' हा बोलपट निघाला. बंद पडलेल्या मालिकेला असें भाग्य क्वचितच लाभतें. तें चाहत्यांच्या चिकाटीचें फळ होतें, असें म्हणावयास हरकत नाहीं. पुढें एट्सी नांवाच्या, हस्तव्यवसायाच्या वस्तूंसाठीं असलेल्या इंटरनेटवरील बाजारांत कित्येक जणी या टोप्या विणून विकूं लागल्या.

जवळजवळ दहा वर्षें कोणीं हरकत घेतली नाहीं. मग रिपल जंक्शन या कंपनीनें फॉक्सकडून रीतसर परवाना घेऊन कारखान्यांत तशाच टोप्या करविल्या, आणि २०१३ च्या वसंतांत हातानें विणणाऱ्या विक्रेत्यांना फॉक्सच्या नोटिसा पोंचल्या. विक्री थांबवा! चाहते खवळले. परवान्याची टोपी विकणारें थिंकगीक हें दुकान बिचारें मध्येंच सांपडलें; नोटिसा त्यानें धाडल्या नव्हत्या, तरी शिव्याशाप त्याच्या वांट्यास आले. अखेर त्या टोपीवरील सर्व नफा या मालिकेच्याच चाहत्यांनीं चालविलेल्या एका धर्मादाय उपक्रमास देण्याचें त्यानें जाहीर केलें.

यांत न्याय कोणाच्या बाजूस होता? मी वकील नाहीं. परंतु एक जुना निवाडा येथें आठवतो. सेल्डन नांवाच्या एका गृहस्थानें हिशेब लिहिण्याची एक नवी रीत शोधून तिच्यावर पुस्तक लिहिलें होतें. तशाच तऱ्हेचे तक्ते दुसऱ्यानें छापले म्हणून वाद झाला. १८७९ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, पुस्तकांतील लेखन हें लेखकाचें, परंतु त्यांत शिकविलेली रीत सर्वांची. विणकामासही हें बरेंच लागू पडतें. नमुन्याचा छापील कागद उतरवून विकणें ही चोरी. पण दोन टाके एकत्र घेण्याच्या युक्तीवर कोणाची मालकी? कपड्याच्या सामान्य घाटाला तिकडील कायद्यानें फारसें संरक्षणही दिलेलें नाहीं. याउलट मालिकेचें नांव व पात्राचें नांव हीं कंपनीचीं, आणि त्या बायकांच्या टोप्या खपत होत्या त्या याच नांवांवर, हेंही नाकारतां येत नाहीं. कायद्याच्या भाषेंत कंपनीला उभें राहावयास जागा होती, असें मला वाटतें. माझा आक्षेप निराळा आहे. जें शेत तुम्ही पडीक टाकलें तें दहा वर्षें दुसऱ्यांनीं कसलें, आणि पीक डोलूं लागतांच तुम्ही सातबारा घेऊन बांधावर उभे राहिलां! मी वर्गांत नक्कल करणाऱ्या मुलांना कधीं दयामाया दाखविली नाहीं. पण ही नक्कल आणि ती नक्कल एक नव्हे.

इंग्लंडांत हेंच नाटक दुसऱ्या तऱ्हेनें झालें. बी.बी.सी.च्या 'डॉक्टर हू' या मालिकेंत १९७४ पासून टॉम बेकर या नटाच्या गळ्यांत एक पायांत घोटाळेल इतका लांब, अनेक रंगी गळपट्टा आला. पोशाखाची योजना करणाऱ्या जेम्स ॲचेसन यांनीं विणणाऱ्या बेगोनिया पोप बाईंना निवडीसाठीं ढीगभर लोकर नेऊन दिली, आणि त्यांनीं ती सगळीच विणून टाकली, अशी आख्यायिका आहे. प्रेक्षकांनीं पत्रें लिहून नमुना मागितला तर बी.बी.सी. तो टंकलिखित करून खुशाल पाठवून देत असे. तीच संस्था २००८ सालीं एका विणणाऱ्या बाईंवर रागावली. याच मालिकेंतील विचित्र प्राण्यांच्या बाहुल्यांचे नमुने या बाईंनीं इंटरनेटवर फुकट ठेवले होते. दुसऱ्याच कोणीं त्यावरून बाहुल्या करून लिलावांत विकल्या, आणि नमुने काढून टाकण्याचा हुकूम मात्र बाईंना झाला. मधल्या काळांत टाके बदलले नव्हते. त्यांच्या मागचा बाजार बदलला होता.

माझ्या टोपीचें पुढें काय झालें, तेवढें सांगून पुरें करतों. ती घालून मी सबंध पौष व माघ फिरलों. पहिले कांहीं दिवस टेंकडीवरचीं मुलें मागें वळून पाहत. पुढें सवय झाली, त्यांनाही आणि मलाही. शेजारच्या वृद्ध गृहस्थांना ती फार आवडली. तेव्हां आमच्या नातीच्या आजीनें ती माझ्या डोक्यावरून काढून घेतली, खिडकीपाशीं नेऊन उलटी केली, बोटानें टाके मोजले, आणि कागदाचा एक कपटाही न घेतां आठ दिवसांत दुसरी विणली. घरांत केशरी लोकर उरली नव्हती, म्हणून तिनें हिरवी घातली. गोंडा मात्र तेवढाच मोठा आहे.