मूत्रपिंडाच्या इजेचा पेशीपातळीवर वेध

मूत्रपिंडांना अचानक पोहोचणाऱ्या इजेचे निदान आजही मुख्यतः रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीचे प्रमाण यांवरून केले जाते. २०१२ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार ४८ तासांत क्रिएटिनिन डेसिलिटरमागे ०.३ मिलिग्रॅमने वाढल्यास अशी इजा झाल्याचे मानले जाते. मात्र हा इशारा उशिरा मिळतो. मूत्रपिंडांची निम्मी कार्यक्षमता गेली तरी आकडा सामान्य दिसू शकतो. शिवाय घोणसचा दंश असो, लेप्टोस्पायरोसिस असो वा औषधाचा दुष्परिणाम, क्रिएटिनिन सर्वांत वाढते. इजा नेमकी कोठे झाली, हे त्यावरून कळत नाही.

२००५ मध्ये हृदयशस्त्रक्रिया झालेल्या ७१ मुलांच्या अभ्यासात ‘एनगॅल’ हे प्रथिन इजेनंतर दोनच तासांत लघवीत वाढल्याचे आढळले. क्रिएटिनिन वाढण्यास एक ते तीन दिवस लागले. तरीही या चाचणीला अमेरिकेत मान्यता मिळण्यास डिसेंबर २०२३ उजाडला आणि तीही केवळ मुलांसाठी व तरुणांसाठी.

सोनोग्राफीत मूत्रपिंडाचा आकार व मूत्रमार्गातील अडथळा दिसतो, परंतु पेशींना प्राणवायू किती मिळतो हे दिसत नाही. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा भाग मूत्रपिंडांकडे जातो. तरीही त्यांचा आतला गाभा अत्यल्प प्राणवायूवर काम करतो आणि रक्तपुरवठा घटताच संकटात सापडतो. प्राणवायूविरहित हिमोग्लोबिनचा चुंबकीय गुणधर्म निराळा असतो. त्याचा आधार घेणारी ‘बोल्ड’ एमआरआय पद्धत रंगद्रव्य न टोचता हा फरक टिपते. मात्र शरीरातील पाण्याच्या प्रमाणानुसार तिचे मापन बदलत असल्याने ती अद्याप प्रामुख्याने संशोधनापुरती मर्यादित आहे.

सर्वाधिक भर पडली ती रेणवीय अभ्यासातून. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या निधीतून २०१७ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात स्वेच्छेने बायोप्सी देणाऱ्या रुग्णांच्या ऊतींचा अभ्यास केला जातो. २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवी मूत्रपिंडाच्या नकाशात ५१ मुख्य पेशीप्रकार आणि इजेमुळे बदललेल्या २८ अवस्था नोंदविण्यात आल्या. काही पेशी स्वतःची दुरुस्ती पूर्ण करतात. काही मात्र अर्धवट अवस्थेत अडकून दाह व तंतुमयता वाढविणारे संकेत देत राहतात. क्रिएटिनिन पूर्ववत झालेल्या काही रुग्णांना पुढे दीर्घकालीन विकार का जडतो, याचे एक संभाव्य उत्तर येथे मिळते.

बायोप्सीत रक्तस्रावाचा धोका असतो आणि सुईत येणारा ऊतीचा तुकडा अगदी लहान असतो. म्हणून या अडकलेल्या पेशींच्या खुणा लघवीतच शोधण्याचे प्रयत्न सुरू आहेत.