हत्तीरोगाचे पथक रात्रीच का येते? रक्ततपासणीचा दीडशे वर्षांचा इतिहास

नांदेड आणि लातूर हे महाराष्ट्रातील हत्तीरोगप्रवण जिल्हे. रात्री उशिरा दार वाजवून, झोपेतून उठवून बोटाला सुई टोचणारे आरोग्य कर्मचारी तिथल्या अनेकांना ठाऊक असतील. हा रात्रीचा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर कोलकाता, चीन, सिकंदराबाद आणि सेवाग्राम असा फेरफटका मारल्याशिवाय मिळत नाही.

रोग प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत तो ‘श्लीपद’ म्हणून येतो आणि जुने पाणी साचून राहणाऱ्या प्रदेशांत तो विशेष होतो, असे निरीक्षणही तिथे आहे. डासाचा पत्ता नव्हता. पण बोट पाण्याकडेच रोखलेले होते.

१८७२ मध्ये कोलकात्यात टिमथी लुईस या डॉक्टरला माणसाच्या रक्तात वळवळणाऱ्या सूक्ष्म अळ्या दिसल्या. पुढे चीनमधील अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सनने १८७७ मध्ये या अळ्या डासाच्या शरीरात वाढतात हे दाखवले. रुग्णांचे रक्त दिवसरात्र ठरावीक अंतराने तपासल्यावर त्याला आणखी एक विलक्षण गोष्ट आढळली. अळ्या दिवसा बाहेरच्या रक्तातून जवळजवळ नाहीशा होतात आणि मध्यरात्रीच्या सुमारास गर्दी करतात. रात्री चावणाऱ्या क्युलेक्स डासाच्या वेळापत्रकाशी परोपजीवीने आपले घड्याळ जुळवून घेतले होते!

मॅन्सनची एक समजूत मात्र फसली. डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला लागण होते, असे त्याला वाटे. डासाच्या दंशातूनच रोग पसरतो हे १९०० मध्ये स्पष्ट झाले. दरम्यान त्याच्याच प्रेरणेने काम करणाऱ्या रोनाल्ड रॉसने २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत हिवतापाचा परोपजीवी डासात शोधला होता. सिकंदराबाद निजामाच्या राज्यात होते. त्या काळी नांदेड आणि लातूरही त्याच राज्यात होते.

स्वातंत्र्यानंतर, १९५५ मध्ये राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आरंभी सर्वांनाच डीईसी गोळ्या देण्याचा प्रयत्न झाला. पण गोळीनंतर येणारा ताप आणि मळमळ लोकांना सोसवेना, म्हणून तो मार्ग सोडावा लागला. मग ठरले असे, की ज्याच्या रक्तात अळी दिसेल त्यालाच औषध. रात्रीच्या काचपट्टीला महत्त्व आले ते इथून. रक्ताचा एक थेंब, त्यात अळी सापडली तर उपचार, नाही तर काहीच नाही.

या पद्धतीत एक क्रूर विरोधाभास होता. ज्याचा पाय सुजून खांबासारखा झाला आहे, त्याच्या रक्तात बहुधा अळी सापडतच नाही. उलट, धडधाकट दिसणारा शेजारी रक्तात शेकडो अळ्या बाळगून असतो आणि डासांमार्फत साऱ्या गल्लीत रोग वाटत असतो. काचपट्टीला पहिला दिसत नव्हता. दुसरा दिसे, पण तोही रात्रीच.

म्हणून प्रतिपिंडांकडे लक्ष गेले. अळी लपली तरी तिच्याविरुद्ध शरीराने घडवलेले प्रतिपिंड दिवसाही रक्तात असतात. या संशोधनातील एक महत्त्वाचे केंद्र महाराष्ट्रातच होते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून अळ्यांनी बाहेर टाकलेल्या द्रव्यांचा प्रतिजन म्हणून उपयोग करून हत्तीरोगाच्या प्रतिपिंड-चाचण्या विकसित केल्या. आपल्या वैद्यकीय इतिहासात या कामाला मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही, असे मला वाटते.

तरीही चाचणीला मर्यादा होत्या. इतर जंतांविरुद्धचे प्रतिपिंड कधीकधी हत्तीरोगाचेच भासतात. शिवाय कृमी मेल्यावरही प्रतिपिंड बराच काळ टिकतात. म्हणजे ‘लागण होऊन गेली का?’ याचे उत्तर मिळे. ‘आज कृमी जिवंत आहे का?’ याचे नाही. मराठवाड्यासारख्या प्रदेशात, जिथे डासांचा दंश वर्षानुवर्षे सोसलेला, हा फरक किरकोळ नव्हता. त्यावर गोळ्या कुणाला द्यायच्या हे अवलंबून होते.

१९९० च्या दशकात प्रौढ कृमीचा प्रतिजनच पकडणारी कार्डचाचणी आली. दिवसा, बोटाच्या रक्तावर, काही मिनिटांत उत्तर. २००४ पासून देशभर पुन्हा सामूहिक औषधोपचार सुरू झाला आणि २०१९ मध्ये नागपुरात तीन औषधांचा एकत्रित प्रयोगही झाला. संक्रमण थांबले का, हे पाहण्यासाठी आता सहा-सात वर्षांची शाळकरी मुले तपासतात.

इथेच प्रतिपिंडांना नवे काम मिळाले. जुनी खूण टिकून राहणे हा वृद्धाच्या बाबतीत दोष; लहान मुलाच्या बाबतीत तोच गुण. औषधोपचारानंतर जन्मलेल्या मुलाच्या रक्तात खूण सापडली, तर संक्रमण अलीकडेच झाले असणार. मुलांमधील प्रतिपिंड पाहून रोगाच्या पुनरागमनावर नजर ठेवण्याचे संशोधन त्यामुळे जगभर चालू आहे.

सुजलेल्या पायाच्या म्हाताऱ्याला मात्र यांपैकी कुठल्याच चाचणीचा फारसा उपयोग नाही. त्याचे निदान पाहताक्षणी होते. त्याला हवे असते ते रोज साबण-पाण्याने पाय धुणे, जखमा जपणे आणि अंडवृद्धी असेल तर शस्त्रक्रिया.