जुन्या टर्मिनलांना नवे कीबोर्ड

टर्मिनल म्हणजे दुसऱ्या खोलीतल्या किंवा दुसऱ्या गावातल्या मोठ्या संगणकाला तारेने जोडलेला पडदा आणि कीबोर्ड. लिअर सीग्लर कंपनीच्या १९७६ सालच्या एडीएम-३ए या टर्मिनलात कीबोर्ड मूळ पेटीतच बसवलेला होता, त्यामुळे दोघांची ताटातूट होण्याचा प्रश्न नव्हता. १९७८ साली अमेरिकेच्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने (डेक) व्हीटी-१०० बाजारात आणले आणि त्याचा कीबोर्ड सुटा केला. काम करणाऱ्याला तो सोयीच्या जागी सरकवता येऊ लागला. पुढे वैयक्तिक संगणकांनी टर्मिनलांना कार्यालयांतून हटवले, तेव्हा या सुटेपणाचा तोटा दिसला. पेट्या एका ठिकाणी गेल्या, कीबोर्ड दुसऱ्या ठिकाणी. काही कीबोर्ड तर संग्राहकांनी त्यांच्या कळांच्या स्पर्शासाठी वेगळे काढून घेतले. धडधाकट पडदे कीबोर्डाविना पडून राहिले.

अशा टर्मिनलाला आजचा कीबोर्ड थेट जोडता येत नाही, कारण त्या काळी प्रत्येक कंपनीची जोडणी आपापली होती. संगणक आणि टर्मिनल यांच्यातल्या तारेसाठी आरएस-२३२ हे मानक होते. टर्मिनल आणि कीबोर्ड यांच्यातल्या तारेसाठी मात्र असे सर्वमान्य मानक नव्हते. व्हीटी-१०० च्या कीबोर्डाची पिन हेडफोनच्या जाड पिनेसारखी, पाव इंच व्यासाची आहे. तिच्यातून वीजही जाते आणि एकाच तारेवरून दोन्ही दिशांना संदेशही. या कीबोर्डात प्रोसेसर नाही. टर्मिनल त्याला एक बाइट पाठवते. कोणते दिवे लावायचे, कळेचा टकटक आवाज करायचा का, कळा तपासायला घ्यायच्या का, हे सगळे त्यात असते. कीबोर्ड दाबलेल्या कळांचे क्रमांक परत पाठवतो. त्यांचा अर्थ लावण्याचे काम टर्मिनलातला इंटेल ८०८० प्रोसेसर करतो.

१९८३ सालच्या व्हीटी-२२० बरोबर एलके-२०१ हा १०५ कळांचा कीबोर्ड मिळे. उलट्या ‘टी’च्या आकारातली बाणांची मांडणी त्यानेच रूढ केली, ती आजही जवळजवळ प्रत्येक कीबोर्डावर आहे. त्याच्या आत स्वतःचा ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर होता. चार तारांतून १२ व्होल्टची वीज मिळे आणि ४८०० बॉडच्या वेगाने संदेश ये-जा करत. वीज मिळताच कीबोर्ड स्वतःची तपासणी करून चार बाइट पाठवतो. ते आले नाहीत तर टर्मिनल पडद्यावर कीबोर्डाची चूक दाखवते. मग टर्मिनल त्याला कळांच्या १४ गटांपैकी कोणत्या गटाने कसे वागायचे ते सांगते. अक्षराची कळ दाबून धरली की १८० हा आकडा ठरावीक अंतराने जात राहतो. शिफ्टसारखी कळ सुटली आणि तशी दुसरी कुठलीही कळ दाबलेली नसली, की १७९ जातो, म्हणजे ‘सगळ्या सुटल्या’.

म्हणूनच अशा टर्मिनलाला आजचा कीबोर्ड जोडणारा अडॅप्टर करणे म्हणजे नुसती पिन बदलणे नव्हे. यूएसबी कीबोर्ड यातले काहीच जाणत नाही. त्याच्या साध्या पद्धतीत तो आठ बाइटांचा अहवाल देतो: पहिल्यात शिफ्ट-कंट्रोलसारख्या कळा, दुसरा राखीव, उरलेल्या सहांत दाबलेल्या कळा. अक्षर पुन्हा पुन्हा उमटवणे त्याच्या कामात येत नाही. त्यामुळे मधल्या मायक्रोकंट्रोलरला दोन सोंगे वठवावी लागतात. कीबोर्डापुढे तो संगणक होतो आणि टर्मिनलापुढे एलके-२०१. दोन अहवालांतला फरक काढून कोणती कळ दाबली, कोणती सुटली हे तो ठरवतो, १८० चा ठेका स्वतः धरतो आणि सुरुवातीचे चार बाइटही पाठवतो. टर्मिनलाच्या १२ व्होल्टपासून कीबोर्डासाठी ५ व्होल्ट करावे लागतात, संदेशांच्या विजेची पातळीही बदलावी लागते. २०२१ साली आलेल्या रास्पबेरी पाय पिकोसारख्या स्वस्त पाट्यांमुळे हे काम घरच्या टेबलावर करण्याजोगे झाले.

विजेची गणिते एकदा सुटतात. कळांच्या मांडणीचे तसे नाही. एलके-२०१ वर एफ-२० पर्यंत कळा आहेत, शिवाय ‘हेल्प’, ‘डू’ आणि ‘कंपोझ’ आहेत. एस्केपची वेगळी कळ मात्र नाही, ते काम एफ-११ करते. दिवे चार आहेत, आजच्या कीबोर्डावर बहुधा तीन. अंकांच्या भागात डेकच्या १८ कळा, तर पीसीच्या १७. डेकच्या स्वल्पविरामाची आणि वजाची जागा पीसीवर अधिकची एकच उंच कळ खाते. नमलॉकच्या जागी डेकवर पीएफ-१ होती आणि मजकूर संपादनाच्या ईडीटी या प्रोग्रॅममध्ये निम्म्या आज्ञा तिच्यापासूनच सुरू होत. नमलॉकला पीएफ-१ चे काम देणे आणि स्वल्पविराम दुसऱ्या कळेवर नेणे हाच त्यातल्या त्यात चांगला मार्ग. मूळ जागा जपल्या, तरच जुन्या वापरकर्त्याची सरावलेली बोटे अडखळत नाहीत.

डेकने स्वतः १९९३ च्या व्हीटी-५१० मध्ये पीसीची पीएस/२ जोडणी स्वीकारली. त्या टर्मिनलाला जुना पीएस/२ कीबोर्ड पुरतो. वर सांगितलेला खटाटोप त्याआधीच्या टर्मिनलांसाठी करावा लागतो.