‘दुखते कुठे?’ या प्रश्नाचा इतिहास

1947, लंडन. वॉर्सातून आलेला डेव्हिड टास्मा हा चाळिशीचा ज्यू वेटर कर्करोगाने अंथरुणाला खिळला होता. शस्त्रक्रियेचा उपयोग नव्हता आणि जवळचे असे कोणी नव्हते. रुग्णालयातील समाजसेविका सिसिली सॉन्डर्स त्याच्याशी बोलत बसत. आपले आयुष्य कोणावर काही ठसा न उमटवता संपते आहे, हे त्याचे खरे दुःख होते. मरताना त्याने त्यांना 500 पौंड दिले. तुमच्या वास्तूत माझी एक खिडकी असू द्या, एवढीच त्याची इच्छा होती.

वास्तू तेव्हा केवळ कल्पनेत होती!

सॉन्डर्स मूळच्या परिचारिका. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटले होते. मरणासन्न रुग्णांसाठी काही करायचे असेल तर आधी डॉक्टर व्हा, असे शल्यविशारद नॉर्मन बॅरेट यांनी त्यांना सुनावले. कारण अशा रुग्णांना वाऱ्यावर सोडतात ते डॉक्टरच. वयाच्या तिशीनंतर सॉन्डर्स वैद्यकशाखेत दाखल झाल्या आणि 1957 साली डॉक्टर झाल्या.

त्या काळी मॉर्फिन बहुधा रुग्ण वेदनेने कासावीस होऊन मागू लागला की मिळे. हॅकनीच्या सेंट जोसेफ्समध्ये सॉन्डर्स यांनी ते ठराविक वेळी, वेदना उसळण्यापूर्वीच देण्याची पद्धत रुजवली आणि हजाराहून अधिक रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. त्यांची केवळ करुणामूर्ती म्हणून होणारी ओळख म्हणूनच अपुरी आहे. वेदनेने पिळवटलेला माणूस मन मोकळे करू शकत नाही, हे त्यांना उमगले होते.

वेदना शमल्यावर रुग्ण बोलू लागले. त्यांचे बोलणे सॉन्डर्स ध्वनिमुद्रितही करीत. एका स्त्रीला त्यांनी दुखण्याविषयी विचारले. तिने पाठीपासून सुरुवात केली. मग नवऱ्याचा आणि मुलाचा बुडणारा रोजगार, पैशांची चिंता, आपले सगळेच बिघडल्याची भावना, असे एकेक बाहेर आले. शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशा चारही अंगांच्या या वेदनेला सॉन्डर्स यांनी ‘समग्र वेदना’ म्हटले. (मराठीत ‘दुखणे’ आणि ‘दुःख’ हे शब्द मुळातच सख्खे आहेत, इंग्रजी वैद्यकाला मात्र ही सांगड नव्याने घालावी लागली.)

1967 साली लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उभे राहिले. टास्माची खिडकी त्यात आहे. खिडकीभोवती घर बांधायला एकोणीस वर्षे लागली, असे सॉन्डर्स म्हणत.

रुग्णाच्या मृत्यूनंतर डॉक्टरांचे काम संपते, हा समजही येथे मोडला. मानसोपचारतज्ज्ञ कॉलिन मरे पार्क्स यांनी मागे राहिलेल्या कुटुंबीयांसाठी समुपदेशन सुरू केले. पतिवियोगानंतरच्या शोकाचा त्यांचा अभ्यास होता. ज्यांचा शोक गुंतागुंतीचा होण्याची शक्यता दिसे, त्यांच्याशी प्रशिक्षित स्वयंसेवक स्वतःहून संपर्क साधत.

हॉस्पिसची ही कल्पना भारतात आली ती मुंबईमार्गे. 1986 साली वांद्र्यात ‘शांती अवेदना सदन’ सुरू झाले. ते देशातील पहिले हॉस्पिस. पुढे गोव्यात आणि दिल्लीतही त्याची केंद्रे निघाली.