मोरचुदाची अठ्ठावन्न वर्षे

पानवेलीच्या बागायतदाराला मोरचूद म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. ते निळे खडे विरघळवून चुन्याबरोबर कालवले आणि वेलीवर फवारले की बुरशीला आळा बसतो. फ्रान्समधील बोर्दोच्या द्राक्षमळ्यांतून १८८५ च्या सुमारास ही विद्या जगभर पसरली. परंतु याच मोरचुदाचा आणखी एक उपयोग विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत रूढ झाला. त्याची कथा आपल्याकडे फारशी कुणी सांगितलेली नाही. म्हणून ती वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

त्या काळी अमेरिकेतील पुष्कळ शहरे तलावांचे पाणी पीत. उन्हाळ्यात तलावावर शेवाळाची साय धरे आणि नळाच्या पाण्याला मासळीसारखा वास येई. अमेरिकी कृषी खात्यातील जॉर्ज मूर आणि कार्ल केलरमन या दोघा वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९०४ साली एक पुस्तिका प्रसिद्ध करून त्यावर उपाय सुचविला. दहा लाख भाग पाण्यात एक भाग, कधी त्याहूनही कमी मोरचूद मिसळला तरी शेवाळाच्या अनेक जाती मरतात, असे त्यांनी दाखवून दिले. कृतीही किती सोपी! गोणपाटाच्या पिशवीत खडे भरावे, पिशवी होडीमागे बांधावी आणि तलावभर वल्हवीत फिरावे. थोड्याच दिवसांत पाणी निवळे. स्वस्त, झटपट आणि डोळ्यांना दिसणारा असा हा गुण होता. नगरपालिकांना तो भावला यात नवल ते काय?

मिनेसोटा राज्याच्या दक्षिणेस मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांनी वेढलेले फेअरमाँट नावाचे लहानसे शहर आहे. पाच तलावांची साखळी या शहराला लाभली आहे. त्यांपैकी बड तलावाचे पाणी शहर पिते. भोवतालची माती अत्यंत सुपीक, त्यामुळे तलावांत शेवाळही उदंड. १९२१ पासून तेथे मोरचूद टाकण्यास आरंभ झाला आणि ही रीत ५८ वर्षे चालली. एका पिढीने सुरू केलेले काम तिच्या नातवंडांनी पुढे चालवले!

या ५८ वर्षांचा हिशेब मार्क हॅन्सन आणि हाइन्झ स्टेफन या संशोधकांनी १९८४ साली मांडला. तो वाचताना मन खिन्न होते. औषध टाकले की शेवाळ मरे, हे खरे. पण मेलेले शेवाळ तळाशी जाऊन कुजे. त्या कुजण्यात पाण्यातील प्राणवायू संपे आणि कधी कधी मासेही मरत. तळच्या गाळात बांधून राहिलेले स्फुरद पुन्हा पाण्यात उतरे आणि ७ ते २१ दिवसांत शेवाळ पूर्ववत उभे राही. मग पुन्हा होडी, पुन्हा गोणपाट. वर्षांमागून वर्षे गेली तसे तांबे गाळात साचत गेले. काही शेवाळांना औषधाची सवय जडली आणि मात्रा वाढवावी लागली. साधे हिरवे शेवाळ मागे हटून त्याची जागा नीलहरित शेवाळाने घेतली. आणि विषार निर्माण करू शकणाऱ्या जाती याच कुळात मोडतात. पाणवनस्पती नाहीशा झाल्या, तळचे किडे घटले, चांगल्या माशांच्या जागी हलक्या प्रतीचे मासे आले. ज्याला हटवायचे त्याचेच फावले.

फेअरमाँटच्या लोकांना मूर्ख ठरविण्याची घाई मात्र कुणी करू नये. १९२१ साली शास्त्राने त्यांच्या हाती जे उत्तम म्हणून दिले होते, तेच त्यांनी वापरले. शेवाळ नेमके कशावर पोसते याविषयी शास्त्रज्ञांचेच पुढे अर्धशतक एकमत नव्हते. साबणाच्या चुऱ्यात फॉस्फेट घालणारे कारखानदार तर दोष कर्बाचा आहे, असे १९७० च्या सुमारासही सांगत होते.

हा वाद एका पडद्याने मिटविला. कॅनडातील ओंटारिओ प्रांताच्या वायव्य भागात २२६ क्रमांकाचे एक सरोवर आहे. मध्ये चिंचोळे, दोन्ही अंगांना रुंद, अगदी डमरूसारखे. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली त्याच्या चिंचोळ्या भागात जाड पडदा ताणून सरोवराचे दोन भाग केले. दोन्हींत कर्ब आणि नत्र घातले. एकात मात्र त्याबरोबर स्फुरदही घातले. स्फुरदाचा भाग हिरवागार झाला, दुसरा काळाभोर निर्मळच राहिला. विमानातून टिपलेल्या त्या छायाचित्राने शेकडो पानांच्या अहवालांहून अधिक काम केले. शिंडलर १९९१ साली स्टॉकहोम जल पुरस्काराचे पहिले मानकरी ठरले.

पुढे घरांचे व कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध होऊ लागले, तरी पावसाचे पाणी उरलेच. छपरांवरून, रस्त्यांवरून, हिरवळींवरून वाहणारे हे पाणी माती, पानगळ आणि खत घेऊन थेट तलावात शिरते. १९८७ च्या कायद्याने अमेरिकी शहरांना त्याचीही जबाबदारी घ्यावी लागली आणि वस्त्यावस्त्यांतून ते अडविण्यासाठी तळी खोदण्यात आली. गाळ तेथे बसावा, पुढे निवळ पाणी जावे, ही कल्पना. पण मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी अशी तळी तपासली तेव्हा काही जुन्या तळ्यांच्या तळाशी उन्हाळ्यात प्राणवायूच उरत नसल्याचे आढळले. तेथील साठलेले स्फुरद सुटून पुन्हा पाण्यात मिसळत होते. फेअरमाँटचीच गोष्ट, फक्त मोरचुदावाचून. येथे आम्हांला आपल्याकडची जुनी रीत आठवते. उन्हाळ्यात तळ्याचा गाळ उपसून शेतात टाकणारा शेतकरी स्फुरदाचे नावही न घेता ते जेथून आले तेथे परत नेत होता.

मिनियापोलिस शहराने आपल्या तलावांसाठी दुसरी वाट धरली. सीडर तलावात १९९६ साली आणि हॅरियट तलावात २००१ साली तुरटीच्याच जातीचा क्षार सोडण्यात आला. आपल्या आज्या गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटी फिरवीत, त्याच तत्त्वाची ही कृती. फरक इतकाच की येथे तुरटी शेवाळाला मारण्यासाठी नसते. तिच्यातील ॲल्युमिनियम स्फुरदाला तळाशी बांधून ठेवते. परंतु वरून नवे स्फुरद येतच राहिले तर तुरटीही किती पुरणार? एका किलो स्फुरदावर ३०० ते ५०० किलो ओले शेवाळ वाढू शकते!

म्हणून राज्याने २००२ साली कायदा केला आणि २००५ पासून घराभोवतीच्या हिरवळीला स्फुरदयुक्त खत घालण्यास राज्यभर मनाई केली. सवलत फक्त नव्याने लावलेल्या हिरवळीला, किंवा माती तपासून उणीव ठरल्यास. आपल्या सुफलाच्या गोणीवर नत्र, स्फुरद, पालाश यांचे १५:१५:१५ असे आकडे असतात ना? तेथील हिरवळीच्या खताच्या गोणीवर मधला आकडा शून्य असतो. रस्ते झाडण्याला तर जलशुद्धीच्या कामाचाच मान मिळाला आहे. आता तेथे घरासमोरच्या पर्जन्यगटाराची जाळी ‘दत्तक’ घेण्याचीही सोय आहे. नाव नोंदवायचे, जाळीला एखादे गमतीदार नाव द्यायचे आणि पानगळ सुरू झाली की पाऊस येण्याआधी झाडू घेऊन बाहेर पडायचे.