धुराड्यातून आलेली वीट

इंग्लंडच्या पूर्वेला, सफोक, नॉर्फोक, एसेक्स या परगण्यांत, शेताच्या कडेला उभं असलेलं लाल विटांचं घर पाहिलं की ते तिथल्या जमिनीइतकंच जुनं असावं असं वाटतं. तसं ते नाही. तिथल्या शेतकऱ्याच्या दारी वीट फार उशिरा आली, आणि आली तीही भिंतीसाठी नव्हे, चुलीच्या धुरासाठी.

ब्रिटनमध्ये विटा नेल्या रोमनांनी. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांची सत्ता उठली आणि पाठोपाठ भट्ट्याही विझल्या. पुढे कित्येक शतकं लोक रोमन पडझडीतल्या विटा उचलून वापरत राहिले. सेंट अल्बन्सच्या अकराव्या शतकातल्या मठाचा मनोरा अशा उचललेल्या विटांचाच आहे. नव्याने भाजलेली वीट दिसते ती तेराव्या शतकात, एसेक्समधल्या कॉगशलच्या मठात आणि सफोकमधल्या लिटल वेनम हॉलमध्ये. या भागात चांगला दगड दुर्मीळ, आणि समुद्रापलीकडे फ्लँडर्समध्ये वीटकाम जोरात. पण हा सगळा मठवाल्यांचा नि सरदारांचा मामला.

शेतकऱ्याचं घर ओकच्या लाकडी सांगाड्याचं, कुडावर मातीचा गिलावा. मधोमध थेट छपरापर्यंत मोकळी खोली, जमिनीवर आगटी, आणि धूर छपरातून वाट काढील तसा. वर मजला घालायचा तर तिथे धूर कोंडलेला. सोळाव्या शतकात धान्याचे भाव चढले, जमीन राखून असलेल्या शेतकऱ्यांच्या हाती पैसा खुळखुळू लागला, आणि मग विटांची धुराडी उठली. एसेक्समधला पाद्री विल्यम हॅरिसन १५७७ साली छापलेल्या इंग्लंडच्या वर्णनात सांगतो की गावातल्या म्हाताऱ्यांना नवल वाटे ते या नव्या धुराड्यांचं. वाटणारच. धूर एका नळीत बंद झाला आणि डोक्यावरची सगळी पोकळी घरच्यांच्या वाट्याला आली; तिथे तक्तपोशी पडली, निजायच्या खोल्या झाल्या. मध्ये जाडजूड धुराडं, त्याच्या दोन्ही अंगांना पाठीला पाठ लावून दोन चुली, आणि पुढचं दार उघडावं तर समोर याच धुराड्याची भिंत: एका हाताला स्वयंपाकाची खोली, दुसऱ्या हाताला बैठक. इतिहासकार डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १५७० ते १६४० हा काळ 'थोर पुनर्बांधणी'चा मानला. मला विचाराल तर त्या थोरवीतला मोठा वाटा धुराड्याचा.

भिंतीची पाळी नंतरची. माती शक्यतो जवळचीच. ती शरद ऋतूत खणायची, हिवाळाभर थंडीने फुटू द्यायची, वसंतात तुडवून लाकडी साच्यात थापायची, वाळवायची आणि भाजायची. जाळाला अगदी लागून असलेल्या विटा निळ्या-काळ्या, चकचकीत होत. गवंडी त्या टाकून देत नसत. भिंतीत नक्षीसारख्या बसवत. एक थर लांब बाजूंचा, एक अरुंद तोंडांचा, तो इंग्लिश बाँड. एकाच थरात दोन्ही आलटून पालटून, तो फ्लेमिश बाँड. आपल्याकडे स्थापत्य अभियांत्रिकीत दोन्ही शिकवतात. इंग्लंडात सतराव्या शतकात फ्लेमिशची फॅशन आली. १६३१चा क्यू इथला वाडा हा तिचा गाजलेला आरंभीचा नमुना. शेतकरीही मागे राहिला नाही. दर्शनी भिंत फ्लेमिश, बाजूच्या भिंती स्वस्तातल्या. कित्येकांनी तर जुन्या लाकडी घरालाच पुढून विटांचा मुखवटा चढवला. वरून कीर्तन, आतून तमाशा!

अमेरिकेतल्या युद्धाचा खर्च भरून काढायला १७८४ साली सरकारने दर हजार विटांमागे अडीच शिलिंग कर बसवला. कर नगावर, मग नगच मोठा केला तर? जोसेफ विल्क्स या उद्योजकाने दुपटीच्या आसपास आकाराच्या विटा पाडल्या. सरकार १८०३ साली शहाणं झालं आणि मोठ्या विटांवर दुप्पट कर आला. १८५०मध्ये कर गेला, पण रेल्वे आली होती. शतक सरता सरता पीटरबरोजवळच्या कारखान्यांची स्वस्त वीट देशभर पोचू लागली आणि गावोगावच्या भट्ट्या बंद पडत गेल्या.

तेव्हा असं घर पाहायला गेलात तर दर्शनी भिंतीवरून त्याचं वय ठरवू नका. आधी धुराडं छपरावर कुठे निघालंय ते पाहा, मग वळसा घालून मागच्या भिंतीत लाकूड दिसतंय का ते बघा.