शेवटच्या पंगतीतला टेस्टर

आज एखाद्या आयटी कंपनीत ‘तुमची टेस्टिंग टीम कुठे बसते?’ असं विचारलंत, तर बऱ्याचदा उत्तर येतं, ‘वेगळी टीम नाही, सगळे एकत्रच.’ हे ऐकायला छान वाटतं. पण ती वेगळी टीम मुळात का केली होती, तेही बघू.

अगदी सुरुवातीला ज्यानं प्रोग्राम लिहिला तोच चुका शोधायचा. मग 1950च्या दशकाच्या अखेरीस आयबीएममध्ये जेराल्ड वाइनबर्ग यांनी अमेरिकेच्या मर्क्युरी अंतराळ प्रकल्पासाठी स्वतंत्र टेस्टर नेमले. माणूस अवकाशात पाठवायचा होता, तिथे ‘माझ्या मशीनवर चालतंय’ म्हणून कसं भागणार? 1979 मध्ये ग्लेनफर्ड मायर्स यांनी पुस्तकच लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की प्रोग्राम चालतो हे दाखवायला टेस्टिंग करू नका, चुका सापडाव्यात म्हणून करा. आणि आपला प्रोग्राम आपणच तपासू नका. आपल्या पोराचे दोष आपल्याला कुठे दिसतात!

घोळ झाला तो टेस्टिंगच्या जागेत. 1970च्या विन्स्टन रॉइस यांच्या निबंधात एकाखाली एक पायऱ्यांची आकृती होती. ही पद्धत धोक्याची आहे, कारण टेस्टिंग शेवटी येतं, असं त्यांनी तिथेच लिहिलं होतं. लोकांनी आकृती उचलली, इशारा सोडला. मग डिझाइनला उशीर, कोडिंगला उशीर, पण रिलीजची तारीख मात्र तीच. शेवटच्या पंगतीला उरेल तेवढंच मिळतं, तसा टेस्टरला वेळ मिळायचा.

भारताला मात्र ही विभागणी मानवली. वायटूकेच्या आगेमागे बंगळूर, पुणे, हैदराबाद, चेन्नईत बाहेरदेशीचं काम वाढलं. टेस्टिंग वेगळं, लेखी कागदपत्रांवर चालणारं, म्हणून ते सातासमुद्रापलीकडे सोपवता यायचं.

फेब्रुवारी 2001 मध्ये युटातल्या स्नोबर्ड इथे 17 जण जमले आणि अजाइलचा जाहीरनामा निघाला. त्यातले बहुतेक प्रोग्रामिंगवाले. टेस्टिंगच्या बाजूचे म्हणून ब्रायन मॅरिक यांचं नाव घ्यावं लागेल. काही आठवड्यांत चालतं सॉफ्टवेअर द्या, समोरासमोर बोला, ही त्यांची तत्त्वं. केंट बेक आणि एरिक गामा यांनी 1997 मध्ये विमानप्रवासात जेयूनिट लिहायला घेतलं होतंच, त्यामुळे डेव्हलपर स्वतःच्या टेस्ट स्वतः लिहू लागले. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये ‘टेस्टिंगचा महिना’ बसणार कुठे? 2014च्या सुमारास मायक्रोसॉफ्टनंही टेस्टरची वेगळी पदं मोठ्या प्रमाणात डेव्हलपरच्या पदांत मिसळली.

माझं मत विचाराल तर टेस्टरला पहिल्या दिवसापासून चर्चेत बसवलं, हा अजाइलचा खरा उपकार. पण पुष्कळ ठिकाणी पंगत बदलली नाही. स्प्रिंटच्या नवव्या दिवशी संध्याकाळी कोड हातात येतो आणि दहाव्या दिवशी डेमो असतो. शिवाय ज्यानं लिहिलं त्यानंच तपासायचं, म्हणजे मायर्स यांनी नको म्हटलेलं तेच.

मॅरिक यांनी 2003 मध्ये टेस्टचे चार चौकोन मांडले. डेव्हलपरला आधार देणाऱ्या टेस्ट एका बाजूला, तयार मालावर टीका करणाऱ्या दुसऱ्या बाजूला. पहिली बाजू यंत्रांनी बरीचशी उचलली. दुसऱ्या बाजूला, वापरणारा कुठे अडखळेल हे शोधायला, अजून माणूसच बसवावा लागतो.